पान तेवढं राहू द्या : दफनभूमी समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, चिटणीस आणि सर्व सभासद,
दफनभूमी समिती

आदरणीय बंधुभगिनींनो,

जय ख्रिस्त.

गेल्या महिन्यात आपण दफनभूमीच्या फाटकावर एक नोटीस लावलीत. जागा अपुरी पडत असल्यामुळे ज्या कबरी कच्च्या आहेत, ज्यांच्यावर नावाची पाटी नाही आणि ज्यांचं देखभाल शुल्क भरलेलं नाही, त्या सगळ्या बेवारस समजून सपाट केल्या जातील, असं त्यात लिहिलं आहे. कुणाची हरकत असेल तर त्याने ३० दिवसांच्या आत ५,००० रुपये भरावेत आणि नात्याचा लेखी पुरावा आणावा.

मी आपल्याला दोन पत्रं पाठवली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या पत्रानंतर आपल्यापैकी एकांनी उपासना सुटल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, रेकॉर्डच नाही. मग कुठली कबर कुणाची, हे कसं ठरवायचं?" ते रागाने बोलले नाहीत, उलट समजुतीच्या सुरात बोलले. पण त्या एका वाक्यामुळे हे पत्र मला सगळ्यांसमोर लिहावं लागतं आहे. रेकॉर्ड होतं. १९६७ ते २०१२ अशी ४५ वर्षं ते माझ्या वडिलांनी लिहिलं. ते लिहिताना मी त्यांच्याजवळ बसलेली आहे. शाई वाळावी म्हणून पानावर फुंकर घालण्याचं काम माझ्याकडे होतं.

माझ्या वडिलांना, दादांना, आपण सगळे ओळखत होतात. आपल्यापैकी तिघे तर माझ्याबरोबर संडे स्कूलला होते आणि दादांच्या खिशातल्या खडीसाखरेसाठी माझ्याआधी हात पुढे करत होते. तरी मला त्यांच्याविषयी थोडं सविस्तर लिहायचं आहे. रेकॉर्ड नाही असं म्हणताना आपण काय पुसतो आहोत, ते त्याशिवाय कळणार नाही.

दादांचा जन्म १९३६ चा. चौदाव्या वर्षी ते छापखान्यात लागले आणि छापखाना बंद होईपर्यंत, म्हणजे १९९४ पर्यंत, खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवत राहिले. डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे जुळवायची पट्टी, आणि उजव्या हाताची बोटं केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, घरांतून फिरत असायची. मराठीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त घरं लागतात, जोडाक्षरांचे खिळे वेगळे, काना-मात्रांचे वेगळे. दादा न बघता उचलायचे. उलट्या अक्षरांची त्यांना इतकी सवय होती की आम्ही अभ्यास करत असलो की समोर बसून, पुस्तक न फिरवता, आमच्या चुका काढायचे. संध्याकाळी घरी आले की आधी रॉकेलने आणि मग साबणाने हात धुवायचे. शिशाची काळी बोटं पवित्र शास्त्राला लावायची नाहीत, हा त्यांचा नियम होता. आईने वाढलेलं ताट निवलं तरी चालेल, हात स्वच्छ झाल्याशिवाय ते कौटुंबिक प्रार्थनेला बसायचे नाहीत.

आपल्या धंद्याचा त्यांना मोठा अभिमान होता. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक खिळे घडवले, तिथेच काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला, ही गोष्ट ते घरातल्या माणसाची असावी तशी सांगायचे. नगरला १८४२ साली ज्ञानोदय हे मिशनचं नियतकालिक सुरू झालं तेव्हापासून आपल्या लोकांच्या बोटांना शाई लागली आहे, असं म्हणायचे. पण सगळ्यात जवळची गोष्ट त्यांच्या आजीची होती.

दादांची आजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आली, म्हणजे आणली गेली. आठ-नऊ वर्षांची असावी. गावाचं नाव तिला सांगता येत नव्हतं, आईबाप वाटेत गेले होते. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात ती वाढली, तिथे तिला नाव मिळालं, आणि तिथल्याच छापखान्यात ती खिळे जुळवायला शिकली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबल तिथल्या मुलींनी आणि बायकांनी जुळवून छापलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. त्यातली काही पानं आपल्या आजीच्या बोटांखालून गेली आहेत, हे सांगताना दादांचा आवाज बदलायचा. स्टिक कशी धरायची हे त्यांना तिनेच शिकवलं, पाटीच्या लाकडी चौकटीवर.

ही आजी १९६१ साली वारली. विहिरीकडून तिसऱ्या ओळीत तिची कबर आहे. कच्ची आहे, पाटी नाही. तिचा जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही, सातबारावर नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. ती या जगात होऊन गेली याचा एकच लेखी पुरावा होता, आणि तो आपल्या दफन नोंदवहीत होता. आता आपण मला नात्याचा पुरावा मागता.

जुनी वही मिशनच्या काळातली, आधी इंग्रजीत आणि नंतर मराठीत लिहिलेली. १९६७ च्या पावसाळ्यात ती वाळवीने खाल्लेली सापडली. त्या वेळच्या पाळकसाहेबांनी दादांना विचारलं, "तुमचं अक्षर चांगलं आहे, उतरवून काढाल का?" दादांनी तो संपूर्ण पावसाळा कंदिलाशी बसून जुनी वही नव्या खतावणीत उतरवली. जिथे वाळवीने नाव खाल्लं होतं तिथे घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारून भरलं. छापखान्याची शिस्त त्यांच्या अंगात होती, मूळ प्रतीत जसं असेल तसंच, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. तरी एक गोष्ट त्यांनी जाणूनबुजून गाळली. जुन्या वहीत 'पूर्वीची जात' असा एक रकाना होता. नव्या वहीत तो नाही. एका वडीलधाऱ्यांनी हे पंच कमिटीत काढलं तेव्हा दादा उभे राहून एवढंच म्हणाले की हा रकाना माझ्या हातून लिहिला जाणार नाही, दुसरा लेखनिक बघा. दुसरा लेखनिक कुणी बघितला नाही.

त्यानंतर गावात कुणीही ख्रिस्तवासी झालं की प्रेतयात्रेच्या आधी दादा दफनभूमीत पोहोचायचे. त्यांच्याजवळ नायलॉनची एक दोरी होती, फुटाफुटावर गाठ मारलेली. मधल्या मोठ्या कडुलिंबाच्या बुंध्यापासून ते अंतर मोजायचे. वहीत लिहायचे : ओळ ७, लिंबापासून पश्चिमेला इतक्या गाठी. ओळ हा शब्द ते छापखान्यातलाच वापरायचे. आणि नोंद नुसती नाव-तारखेची नसायची. माणूस काय काम करायचा तेही ते लिहायचे. विणकर. बूथ हॉस्पिटलातली दाई. एसटीचा क्लीनर. शाळेत पाणी भरणारी.

१९७२ चं एक पान मला पाठ आहे. त्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणारा एक माणूस उन्हाने पडला आणि गेला. त्याच्या गाठोड्यात फाटका नवा करार मिळाला, दुसरं काही नाही. कुठल्या मंडळीचा, म्हणजे कुठल्या चर्चचा, कुणाला ठाऊक नाही. सभासदत्वाचा दाखला नसताना आपल्या जमिनीत जागा कशी द्यायची, यावर कमिटीत वाद झाला. दादांनी मत्तयाचा २७ वा अध्याय उघडला आणि कुंभाराचं शेत परक्यांना पुरण्यासाठी घेतलं ती ओळ वाचली. वाचून ते म्हणाले, येशूला धरून देण्याच्या तीस नाण्यांचा तो पैसा घेणाऱ्यांनीसुद्धा परक्याला जागा दिली, आणि आपण दाखला मागतो? त्या माणसाला जागा मिळाली. नाव माहीत नव्हतं, म्हणून दादांनी वहीत लिहिलं : वय अंदाजे ४०, निळा सदरा, उजव्या पायाला सहा बोटं, गाठोड्यात नवा करार.

११ वर्षांनी, १९८३ साली, जालन्याकडचा एक माणूस आपल्या भावाला शोधत आमच्या दारात आला. नगर जिल्ह्यातल्या पाझर तलावांच्या गावांतून विचारत विचारत आला होता. दादांनी वही उघडून त्याला ते पान वाचून दाखवलं. सहा बोटं ऐकल्यावर तो आमच्या ओट्यावरच खाली बसला. दादांनी दोरी घेतली, त्याला दफनभूमीत नेलं आणि गाठी मोजून जागेवर उभं केलं. मी तेव्हा १७ वर्षांची होते, पाण्याची कळशी घेऊन मागे गेले होते. त्या माणसाने तिथली माती रुमालात बांधून नेली.

या कबरीलाही पाटी नाही. नोटिशीप्रमाणे तीही बेवारस.

दादा घरी कसे होते, हेही सांगायला हवं, कारण वहीतला माणूस आणि घरातला माणूस वेगळे नव्हते. रोज संध्याकाळी साडेसातला कौटुंबिक प्रार्थना. आधी भजन, बहुतेक रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, आईच्या हाती झांजा आणि दादा पेटीवर. मग वाचन. आमच्या वयाच्या मुलांना दावीद-गल्याथ आवडायचा. दादांना आवडायच्या नावांच्या याद्या. नहेम्याचा सातवा अध्याय, कोण कोण बाबेलहून परत आलं त्यांची नावं, ते एकही न गाळता वाचायचे. भाऊ पेंगायचा, मी भिंतीवरची पाल मोजत बसायची. रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय आला की मात्र मी जागी व्हायची, कारण दादा २२ व्या ओवीवर थांबायचे. पौलाचं पत्र ज्याने लिहून काढलं तो तर्तिय तिथे मध्येच आपला सलाम सांगतो. एवढ्या मोठ्या पत्रात लेखनिकाला एक ओळ मिळाली, दादा म्हणायचे, आणि प्रेषिताने ती खोडली नाही.

त्यांच्या सगळ्याच गोष्टी मला पटायच्या असं नाही. १९७९ साली छापखान्याचा पगार तीन महिने रखडला होता, तो मिळाला त्या दिवशी दुकानदाराची उधारी देण्याआधी त्यांनी दशमांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, काढून ठेवला. आई त्या रात्री रडली. त्या बाबतीत आईचं बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. पण १९९८ मध्ये आईला अर्धांगवायू झाला, तेव्हापासून ती २००७ मध्ये जाईपर्यंत नऊ वर्षं याच माणसाने तिला रोज न्हाऊ घातलं, भरवलं, आणि तिची वेणी घातली. आधी मी घालायची. एकदा सासरी गेले आणि आठ दिवसांनी येऊन बघते तो आईचा भांग माझ्यापेक्षा सरळ. म्हणाले, ओळ वाकडी कशी चालेल? संध्याकाळी तिला ऐकू जावं म्हणून तिच्या उजव्या कानाशी वाकून २३ वं स्तोत्र म्हणायचे. आईला बोलता यायचं नाही, पण 'मला काही उणे पडणार नाही' या शब्दांना ती चांगल्या हाताने त्यांच्या मनगटावर थाप मारायची.

आई गेली तेव्हा भावाने पुण्याहून संगमरवरासाठी पैसे पाठवले. दादांनी ते घेतले आणि त्याला कळवून, त्याची परवानगी घेऊन, दफनभूमीची पडलेली मागची भिंत बांधली. आईच्या कबरीला चार बाजूंनी विटांची एकेरी ओळ लावली आणि दर ईस्टरच्या आधी चुना. २०१३ च्या ऑगस्टमध्ये दादा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्याही कबरीवर लाकडी क्रूस आहे, दुसरं काही नाही.

आता जागेच्या प्रश्नाकडे येते. जागा कमी आहे हे खरं आहे. गाव चहूबाजूंनी वाढलं, दफनभूमी तेवढीच राहिली. आपण सगळे हे काम विनावेतन करता, रात्री-अपरात्री फाटक उघडता, याची मला जाणीव आहे. जुन्या कबरीच्या जागी नवी कबर होऊ नये, असं माझं म्हणणं नाही. दादांचंही नव्हतं. ते म्हणायचे, माझ्या प्रभूची कबर दुसऱ्याची होती, अरिमथाईकर योसेफाची, तीही त्याला तीन दिवसच लागली, मग मी कायमची धरून ठेवू का? आणि याबद्दल ते छापखान्यातली एक गोष्ट सांगायचे. पान छापून झालं की जुळवलेले खिळे सोडवून परत आपापल्या घरात टाकायचे असतात. टाकले नाहीत तर पुढच्या पानाला अक्षरं कुठून येणार? पण खिळे सोडायच्या आधी एक गोष्ट बघायची, पान छापलं गेलं आहे ना, नीट उठलं आहे ना. माती म्हणजे खिळे आणि वही म्हणजे पान, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझं सगळं भांडण या एका गोष्टीवरून आहे. आपण खिळे सोडायला निघालात आणि पान हरवून बसला आहात.

दादा गेल्यावर पंधरा दिवसांनी मी दोन्ही खतावण्या समितीच्या स्वाधीन केल्या. त्या वेळच्या चिटणिसांच्या सहीची पोच माझ्याकडे आहे. २०१९ च्या नाताळात चर्चच्या मागच्या खोलीत, गळक्या पत्र्याखाली, जुने बॅनर आणि कागदी तारे यांच्या ढिगात पहिली खतावणी मी स्वतः पाहिली. तिची खालची पानं ओली होऊन चिकटली होती. मी तेव्हाच तोंडी सांगितलं, 'बघतो' असं उत्तर मिळालं. दुसरी खतावणी तेव्हाही दिसली नाही. म्हणजे समितीच्या ताब्यातली वही समितीच्याच हातून गहाळ झाली, आणि पुरावा आणायचा तो विधवांनी, नातवंडांनी. हे न्यायाचं नाही.

२०१३ नंतर वही कुणी लिहिलीच नाही. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाने गेलेली माणसं आपण रात्री पुरली. घरच्यांना फाटकाबाहेर उभं केलं होतं, ते त्या वेळी बरोबरच होतं. पण कुठल्या ओळीत कोण, हे त्या रात्री एका कागदावरही उतरलं नाही. माझ्या गल्लीतल्या दोन बहिणी दर ईस्टरला वडिलांसाठी मेणबत्ती घेऊन येतात आणि अंदाजाने एका ढिगाऱ्याशी लावतात. आता तो ढिगाराही सपाट होणार आहे.

कडुलिंब तीन वर्षांपूर्वी तोडला. वाळला होता असं सांगितलं गेलं. दादांच्या वहीतलं प्रत्येक अंतर त्या झाडापासून मोजलेलं आहे, हे कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

पैशाची गोष्ट. ५,००० रुपये आपल्यातल्या काही घरांना काहीच नाहीत. पण कच्च्या कबरी कुणाच्या आहेत ते पाहा. नोटीस जानेवारीत लागली. आपल्या मंडळीतली किती कुटुंबं दसरा-दिवाळीपासून कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली आहेत आणि मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत, हे समितीला माहीत नाही असं मी मानत नाही. त्यांच्या आईबापांच्या कबरी, ते दुसऱ्याच्या फडात मोळ्या बांधत असताना, ३० दिवसांत बेवारस ठरतील. ज्यांनी संगमरवर बसवला त्यांच्या कबरी ५० वर्षं जुन्या असल्या तरी राहतील, आणि परवाची कच्ची कबर जाईल. जागेचाच प्रश्न असता तर नियम वयाचा असता. हा नियम पैशाचा झाला. अब्राहामाने बायको सारेच्या दफनासाठी मकपेलाची गुहा ४०० शेकेल चांदी मोजून घेतली, हे मला माहीत आहे. पण तो पैसा त्याने जमिनीच्या मालकाला दिला. आपली जमीन मिशनने सगळ्या मंडळीसाठी ठेवली, कुणाला विकली नाही.

आणि तो शब्द. बेवारस. तो कागदावर टाइप करणाऱ्याने फार विचार केला नसेल. पण आमच्याकडे प्रत्येक दफनाच्या वेळी पाळक काय वाचतात? की हा भाऊ, ही बहीण, देवाची लेकरं आहेत आणि त्याचे वारस आहेत. जो वारस आहे तो बेवारस कसा होईल? या निर्णयासाठी मंडळीची सभा झाली नाही, वेदीवरून घोषणा झाली नाही, मत घेतलं नाही. सात-आठ जणांनी एका संध्याकाळी ठरवलं आणि फाटकावर ठोकलं.

म्हणून माझं मागणं असं आहे.

ही नोटीस मागे घ्या. सपाटीकरणाचं कुठलंही काम ऊसतोडीची कुटुंबं परत येईपर्यंत आणि त्यानंतर मंडळीची सर्वसाधारण सभा होईपर्यंत करू नका. 'बेवारस' हा शब्द समितीच्या इतिवृत्तातून आणि पुढच्या प्रत्येक कागदातून काढा.

दोन्ही खतावण्या शोधा. मागची खोली, तिजोरी, माजी चिटणिसांची घरं, सगळीकडे विचारा. पहिली वही मिळेल, मी ती पाहिली आहे. चिकटलेली पानं जाणकाराकडून सोडवून घ्या, त्याचा खर्च मी करते. प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि एक प्रत चर्चमध्ये, एक पाळकसाहेबांकडे, एक कुणाही सभासदाला बघता येईल अशी ठेवा.

२०१३ पासूनच्या नोंदी, विशेषतः करोनाच्या दोन वर्षांच्या, लोकांना विचारून पुन्हा उभ्या करा. खड्डा खोदणारे दोघे अजून गावात आहेत. त्यांना कुणी विचारलं का?

जागा परत वापरण्याचा नियम करायचाच आहे, तो करा, पण कच्च्या-पक्क्याला एकच करा. इतकी वर्षं झालेली कबर, मग ती कुणाचीही असो. ज्यांची जागा दुसऱ्याला दिली जाईल त्यांची नावं मागच्या भिंतीवर लावा. त्यासाठी शुल्क कुणाकडून घेऊ नका.

नियमाची सुरुवात कुठून करायची हा पेच पडला, तर माझ्या आईवडिलांच्या कबरींपासून करा. भावाशी माझं बोलणं झालं आहे, आम्ही दोघं लेखी संमती देतो. मला दादांची माती राखायची नाही. त्यांनी लिहिलेली माणसं राखायची आहेत.

आपल्याला हे सगळं एकट्याने करायला लागू नये म्हणून माझ्याकडे जे आहे ते मी आणते. पक्की नोंद करण्याआधी दादा एका शाळकरी वहीत कच्ची नोंद करायचे. आईच्या ट्रंकेत अशा चार वह्या निघाल्या आहेत, १९६७ ते १९८८ पर्यंतच्या. ओळी, गाठी, नावं, सगळं आहे. गाठींची दोरीही आहे. आणि कडुलिंब तोडला तरी त्याचा बुंधा अजून जमिनीत आहे, मी परवा जाऊन पाहून आले.

नोटिशीची मुदत संपण्याआधीच्या रविवारी, उपासना सुटल्यावर, मी वह्या आणि दोरी घेऊन दफनभूमीच्या फाटकाशी उभी असेन. बुंध्यापासून पहिली ओळ मोजायला सुरुवात करू. दोरीचं दुसरं टोक धरायला एक माणूस लागेल. फाटकाची किल्ली समितीकडे आहे, ती घेऊन कुणीतरी यावं.

आपली नम्र,
खिळे जुळाऱ्याची मुलगी
(निवृत्त शिक्षिका, याच मंडळीची सभासद)